नव्या संगणकाला न कळलेलं वि. वि.

माझा जुना लॅपटॉप सायकलच्या पिशवीत भिजून मेला. ट्रॅम स्टॉपपासून हॉलंडातल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या आमच्या घरापर्यंत जेमतेम दहा मिनिटांची सायकल, पण त्या दहा मिनिटांत आडवा पाऊस आला आणि वॉटरप्रूफ म्हणून मिरवणाऱ्या त्या पिशवीची चेन मी अर्धीच लावलेली होती. नवरा म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, सॅकमध्ये ठेव म्हणून." त्याने काय काय म्हटलं होतं त्याची यादी आमच्या लग्नाइतकीच जुनी आहे आणि ती दरवर्षी वाढते.

दुरुस्तीवाल्याने जेवढं वाचलं तेवढं एका छोट्या डिस्कवर काढून दिलं. फोटो, कागदपत्रं आणि अठरा-वीस वर्षांच्या मेलची एक अगडबंब फाइल. "महत्त्वाचं सगळं आहे यात," तो ऐटीत म्हणाला. महत्त्वाचं काय, हे त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे. तेव्हा मी मात्र त्याचे तीनदा आभार मानले.

एरवी ती डिस्क माझ्या खणात सहा महिने सुखाने पडून राहिली असती. पण त्याच शनिवारी पुण्याहून आईचा फोन आला.

आईच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. डॉक्टरांनी येता बुधवार सोडून त्यापुढच्या बुधवारची तारीख दिली होती, फार लांबवू नका असं बजावलं होतं आणि होकार शुक्रवारपर्यंत कळवायला सांगितलं होतं. मावशी आठवडाभर आधीच बॅग घेऊन तिच्याकडे राहायला आली होती. मी ऑफिसात रजा सांगून ठेवली होती. सगळं ठरलं होतं, फक्त आई तयार नव्हती.

"आधी मला एक खरं सांग," ती म्हणाली. "तेव्हा मला काय झालं होतं?"

"तेव्हा म्हणजे केव्हा?"

"माझी गाठ काढली तेव्हा."

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी युट्रेख्टला शिकायला आले होते, पहिल्याच वर्षाची परीक्षा तोंडावर होती आणि तिकडे आईच्या पोटातली गाठ काढली होती. "साधी गाठ होती, आई. शंभर वेळा सांगितलंय."

"तेच तर. शंभर वेळा सांगितलंत सगळ्यांनी. साध्या गोष्टी कुणी शंभर वेळा सांगत नाही." मग तिने मनातलं सगळं बाहेर काढलं. त्या दिवसांत बाबा रोज प्रेसमधून मला लांबलचक मेल लिहायचे. एवढं काय लिहिता, असं तिने विचारलं की म्हणायचे, "तुला काय करायचंय?" त्यावरून तिची खात्री पटली होती की गाठ साधी नव्हती, आपल्यापासून काहीतरी लपवलंय आणि मीही त्या कटात सामील आहे. "आता हे डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. तेव्हाचेही साधंच म्हणाले होते. मला ह्यांनी काय लिहिलं होतं ते वाचून दाखव. मग मी ठरवीन."

"अगं, मी सांगते ना..."

"तोंडी नको. तोंडी तुम्ही काहीही सांगाल. ह्यांनी लिहिलंय तसं वाच."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. बोलताना ते बिनदिक्कत थापा मारत, पाहुण्यांना तर हमखास. पण कागदावर एक वेलांटी चुकलेली त्यांना सोसायची नाही, खोटं लिहिणं तर दूरच. हे आईला चांगलं माहीत होतं. मला त्या मेलमधलं एक अक्षर आठवत नव्हतं. परीक्षेच्या गडबडीत वाचले असणार, गाठ साधी आहे एवढं मनाशी धरलं असणार आणि पुढच्या धड्याला लागले असणार. पण ते मेल मी कधीही पुसले नव्हते, एवढं नक्की.

मी म्हटलं, "अर्ध्या तासात वाचून दाखवते."

अर्धा तास! मी अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हेच माझं काम, त्यामुळे हा अर्धा तास कुठल्या तोंडाने म्हटला, याची मला अजून लाज वाटते.

नव्या लॅपटॉपवरचा मेलचा प्रोग्राम डच भाषेत आला होता. तो बदलायला वेळ नव्हता, म्हणून मी तशीच पुढे गेले. पहिली गंमत ही की त्याने माझं मेलचं खातं जोडलं आणि फक्त गेल्या बारा महिन्यांचे मेल उतरवून घेतले. बाकीचे आहेत, पण दाखवणार नाही. का, तर जागा वाचते. माझ्या जागेची काळजी करायला याला कुणी सांगितलं? तो पर्याय तीन पडद्यांच्या आत एका पट्टीत दडवलेला सापडला. ती पट्टी ओढून मी 'सगळे' वर आणली. मग मेल उतरायला लागले, आणि मध्येच एक निळी चौकट वर आली. तिच्यात यंत्राचा तो नवा सहायक मला विचारत होता, तुमच्या मेलचा सारांश करून देऊ का? अरे, मेल तर येऊ देत!

दुसरी गंमत, बाबांच्या काळातले मेल खात्यात नव्हतेच. ते त्या जुन्या अगडबंब फाइलमध्ये होते. ती फाइल जोडली. फोल्डर दिसायला लागले. शोधाच्या चौकटीत मी 'गाठ' असं मराठीत लिहिलं. निकाल शून्य. 'आई' लिहिलं, शून्य. 'ऑपरेशन' लिहिलं तर गेल्या महिन्यातला लेकीच्या शाळेच्या पालक-मंडळातल्या एका मराठी बाईंचा निरोप आला, त्यांच्या मांजराच्या ऑपरेशनचा.

मग कळलं की शोधण्यासाठी या प्रोग्रामला आधी सगळ्या मेलची सूची बनवावी लागते. प्रत्येक शब्द कुठे आहे, याची. ती बनत होती. खाली कोपऱ्यात लिहून येत होतं, एवढे हजार मेल बाकी आणि 'एवन खेडुल्ट', म्हणजे डचमध्ये जरा धीर धरा. मी रविवारभर धीर धरला. बाकीचा आकडा उतरत उतरत चार हजारांवर आला आणि तिथे बसला तो बसलाच. मी जेवण केलं, कपडे वाळत घातले, लेकीला पोहायला सोडून आले, तरी चार हजार. लेकीला म्हटलं, "बघ गं, अजून चार हजारच आहेत." ती म्हणाली, "मम, जस्ट रिस्टार्ट इट." ही तिची डच-इंग्रजी भेळ. मी काय सांगते ते तिला सगळं कळतं, पण उत्तर मराठीत द्यायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं.

रिस्टार्ट केलं. सूची पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवारी मदतकेंद्राशी चॅटवर बोलले. सूची पुसून पुन्हा बनवा, म्हणाले. बनवली. मंगळवारी परत तेच. मग खातं काढून पुन्हा जोडा, म्हणाले. जोडलं. आता प्रत्येक मेल दोनदोनदा दिसायला लागला. नवरा आपलं लांबून बघत होता. "अगं, पाठवणाऱ्याच्या नावाने शोध ना." शोधलं होतं! बाबांचा स्वतःचा पत्ता बराच नंतरचा. तेव्हा ते प्रेसच्या संगणकावरून, प्रेसच्या पत्त्यावरून पाठवायचे आणि तो पत्ता काय होता हे ना मला आठवत होतं, ना आईला. प्रेस तर कधीच बंद पडली.

मध्ये आईचे फोन चालूच. "सापडलं का?" "शोधतेय." "की सापडलंय आणि सांगत नाहीस?" मी ओरडले तिच्यावर. हृदयाचा आजार असलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईवर, एका संगणकाच्या पायी. मग मावशीने फोन घेतला आणि शांतपणे म्हणाली, "ती काल रात्री जेवली नाही." आता माझ्यासाठी हे मेलचं प्रकरण राहिलं नव्हतं. शुक्रवार जवळ येत होता आणि मला खरोखरच भीती वाटायला लागली होती.

बुधवारी माझी सुट्टी असते. इथल्या शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात, म्हणून बऱ्याच आया बुधवारी काम करत नाहीत. लेकीला सकाळी शाळेत सोडून मी डायनिंग टेबलावर ठाण मांडलं. सूची कशाने अडकते ते शोधू या, असं ठरवलं. टेस्टरची जुनी सवय म्हणजे ओझं कमी करायचं. नको असलेला कचरा काढला की यंत्र हलकं होईल. जुन्या फाइलमध्ये कचरा भरपूर होता. त्यातच चाळीसेक मेल असे होते, ज्यांचा विषयही कचरा आणि मजकूरही कचरा. नुसती इंग्रजी अक्षरं, कशालाही अर्थ नाही, मध्येमध्ये टोप्या घातलेले ए आणि ओ. पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं 'ऑफसेट' आणि काही आकडे. छपाईच्या जाहिराती! तेव्हापासून मला छळतायत, असं पुटपुटत मी ते सगळे एकदम निवडले आणि पुसले. वर पुसलेल्यांच्या फोल्डरवर जाऊन तो कायमचा रिकामा कर, असंही सांगितलं.

प्रोग्राम थिजला. पडदा पांढरा पडला. 'एवन खेडुल्ट.'

माझ्या तोंडून त्या प्रोग्रामच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. एवढं साधं काम, तेही याला जमू नये? दहा मिनिटं वाट पाहून मी तो जबरदस्तीने बंद केला, पुन्हा उघडला आणि बघते तर पुसलेले चाळीसच्या चाळीस मेल तिथेच. मी पुन्हा फोल्डर रिकामा करायच्या बटणाकडे निघाले.

यादीत प्रत्येक मेलच्या विषयाखाली मजकुराची पहिली ओळ दिसते. चाळीस मेल, चाळीस ओळी, सगळ्या अगम्य. पण सगळ्या सारख्याच सुरू होत होत्या. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे एक तुकडा दोनदा येत होता. इंग्रजी ई, एफ, जे, ई, टिंब. पुन्हा ई, एफ, जे, ई, टिंब. चाळीसही ठिकाणी. एकच तुकडा लागोपाठ दोनदा आणि दोन्हींपुढे टिंब. जाहिरातीत असं कशाला कोण लिहील?

वि. वि.

मी खुर्चीत मागे टेकले.

विनंती विशेष. बाबा मला प्रत्येक पत्र तसंच सुरू करत. चि. बाळीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि. मी त्यांना चिडवायची की बाबा, पोटच्या मुलीला कसली विनंती करता? मोठ्यांना लिहितात ते. ते म्हणायचे, "पत्र म्हटलं की वि. वि. आलं. त्यावाचून पत्र उघडं दिसतं." आणि बाबा प्रेसमधल्या मराठी फॉन्टमध्ये लिहीत. आजच्यासारखं मराठी तेव्हा सगळ्या संगणकांत नव्हतं. तो फॉन्ट असायचा म्हणजे आतून इंग्रजीच अक्षरं, नुसती वरून मराठीची टोपी. त्यांनी तो मला आधी पाठवला होता, मी युट्रेख्टच्या खोलीत तो संगणकात टाकला होता आणि पुढे प्रत्येक नव्या लॅपटॉपवर बाकीच्या सामानाबरोबर तो आपोआप येत गेला. दुरुस्तीवाल्याने काढलेल्या महत्त्वाच्या सगळ्यात तो नव्हता. टोपी गेली आणि खालचं इंग्रजी उघडं पडलं. सूची बिचारी बरोबर होती. त्या चाळीस मेलमध्ये 'गाठ' हा शब्द नव्हताच. आणि मी, बाबांची मुलगी, ते जाहिराती समजून जाळायला निघाले होते. तो गाढव प्रोग्राम वेळेवर थिजला म्हणून वाचले.

पुढचं सोपं होतं. मेल उघडला की वरच्या चौकटीत त्या जुन्या फॉन्टचं नाव दिसत होतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर आजच्या मराठीत बदलून देणारं एक पान कुणा भल्या माणसाने इंटरनेटवर ठेवलंय. ऑपरेशननंतर चौथ्या दिवसाचा मेल मी त्यात टाकला. मराठी झालं! 'थ' तेवढा त्या पानाला येत नव्हता, जिथे थ तिथे रिकामा चौकोन. मी मागचापुढचा विचार न करता आईला व्हिडिओ कॉल लावला. आधी एकदा वाचून घ्यायला हवं होतं. अकरा वर्षं टेस्टिंग करून एवढीही अक्कल नाही.

पडद्यावर आईचं कपाळ आणि वरचा पंखा. "सापडलं," मी म्हटलं. मी वाचायला लागले.

"चि. बाळीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. आज साडेदहास रिपोर्ट आला. गाठ साधी आहे. डॉक्टरांस मी दोनदा विचारले आणि रिपोर्ट स्वतः वाचला. त्यात साधी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग बरोबर आहे. अन्यत्र दोन चुका आहेत, त्या पेन्सिलीने दाखवून दिल्या."

"हं," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हे ह्यांचंच आहे. पुढे?"

"आता विनंती," मी वाचलं आणि डोळे पुढच्या ओळीवर गेले. 'आईस हे सांगू नये.' मी थांबले.

"काय झालं? वाच."

"आई, गाठ साधी होती. झालं ना तुझं काम?"

"तू थांबलीस म्हणजे तिथेच आहे ते. सगळं वाच."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे केलेली ती बहुधा एकच खरी विनंती. पण आता न वाचलं असतं तर आई कधीच त्या हॉस्पिटलची पायरी चढली नसती. मी वाचलं.

"आईस हे सांगू नये. ऑपरेशनपूर्वी संमतीच्या कागदावर मला सही करायची होती. हात..." पुढे चौकोन, र, चौकोन, र, त. काय शब्द आहे ते मला लगेच कळलं होतं. माझ्या तोंडून तो निघेना.

"थरथरत होता," आई तिकडून म्हणाली. "पुढे."

"पहिला कागद खराब झाला. दुसऱ्यावर माझेच आडनाव चुकले. नर्सने तिसरा आणून दिला. तीस वर्षे लोकांच्या चुका काढल्या आणि स्वतःचे नाव धड लिहिता आले नाही. तिला कळले तर ती घाबरेल, नाहीतर हसेल. मला दोन्ही नको आहे. अभ्यास कर. कळावे."

मग आईचा चेहरा पडद्यावर आला, पूर्ण.

"आडनाव चुकलं?"

"हो."

"ह्यांचं?" ती हसली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने पदराने ते रागारागाने पुसले. "एवढ्यासाठी? अठरा वर्षं मी मनात काय काय आणलं आणि एवढ्यासाठी? मला म्हणायचं होतं की. मी केली असती सही. माझा हात चांगला होता."

मला रडू आवरेना. ती मात्र आता मावशीला हाका मारत होती. हॉस्पिटलचा संमतीचा कागद कुठे ठेवलाय तो आण, माझा चष्मा आण.

त्याच दिवशी संध्याकाळी, लेक शाळेतून आल्यानंतर, फोनवर एक फोटो आला. हॉस्पिटलच्या कागदाचा, खाली आईची सही. सोबत बोललेला निरोप होता, "नीट मोठं करून बघ. आडनाव बरोबर आहे ना?"

मी मोठं करून बघितलं. सगळी अक्षरं जागच्या जागी होती.